‘ग्रुपवर सगळं कळतं’ म्हणणाऱ्यांसाठी

प्रवेश झाले रे झाले की नव्या मुलांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला जॉइन हो. नोटीस बोर्ड, ईमेल, वेबसाइट काही बघायला नको, ग्रुपवर सगळं येतं.’ देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, सल्ला मात्र निम्माच बरोबर आहे.

‘सगळं येतं.’ कुणीतरी टाकतं तेवढंच येतं. परीक्षा फॉर्ममधली त्रुटी, फीची बाकी, कमी हजेरीची ताकीद या गोष्टी एकेकट्याला कळवायच्या असतात. त्या कॉलेजच्या ईमेलवर किंवा पोर्टलच्या लॉगिनमध्ये जातात, ग्रुपवर येणार नाहीत आणि येऊही नयेत. कॉलेजचं ईमेल खातं फोनमध्ये जोडून ठेवा, आणि स्पॅमचा फोल्डरही अधूनमधून उघडा.

‘आलेलं बरोबरच असतं.’ खरा घोळ इथे होतो. ग्रुपवर मूळ नोटीस क्वचितच येते, येतो तिचा फोटो. तोही कापलेला: वरचा क्रमांक आणि दिनांक गायब, खालची सही गायब, आणि नेमकी ‘फक्त बॅकलॉगच्या विद्यार्थ्यांसाठी’ ही ओळ कडेला गेलेली. ‘सोमवार, दि. 15’ असं लिहिलेलं असतं, वर्ष नसतं. कॅलेंडर उघडून 15 तारखेला सोमवार आहे का ते पाहा. नसेल तर ती बहुधा जुनी नोटीस आहे किंवा टायपिंगची चूक आहे. शिवाय पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. पानभर वेळापत्रकातल्या बारीक अक्षरांत मग 3 आणि 8 सारखेच दिसतात. म्हणून पाठवायचंच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोचते. त्याहून बरं म्हणजे वेबसाइटवरच्या पीडीएफची लिंक द्या. एक गंमत नेहमी दिसते: पहिली नोटीस दहा ग्रुपांत फिरते, दोन दिवसांनी निघालेली ‘सुधारित’ नोटीस मात्र कुणीच फिरवत नाही. तारखेवर पैसे किंवा पेपर अवलंबून असेल तर मूळ पानावर जाऊन बघणं भागच आहे.

‘मागे जाऊन शोधता येतं.’ चॅटमधला शोध टाइप केलेले शब्द शोधतो. फोटोतली अक्षरं त्याला सापडत नाहीत. ‘गायब होणारे मेसेज’ चालू असतील तर 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांनी सगळं साफ. मेसेज वर पिन करून ठेवला तरी ती पिन जास्तीत जास्त 30 दिवस टिकते. उपाय सोपा आहे: फाइलखाली ‘सेमिस्टर 3, परीक्षा फॉर्म, शेवटची तारीख’ असे साधे शब्द टाइप करा. स्कॅन केलेल्या पीडीएफचीही हीच रड. ते पानाचं नुसतं चित्र असतं, शोधाला काही लागत नाही. ती गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली तर मजकूर बऱ्यापैकी सुटा होतो. आकडे मात्र मुळाशी ताडून पाहा.

‘सरांना ग्रुपवरच विचार, ईमेल कोण वाचतंय?’ विषयाची ओळ कोरी आणि फाइलचं नाव ‘स्कॅन0043’ असेल तर खरंच कोणी वाचत नाही. विषयात रोल नंबर, पेपरचं नाव आणि काम लिहा. आत चार ओळी आणि एकच प्रश्न. दोन-तीन कामाच्या दिवसांत उत्तर नाही आलं तर नवा मेल न लिहिता त्याच मेलला जोडून आठवण द्या. ‘मी वेळेत कळवलं होतं’ हे दाखवायची वेळ आली तर तारीखवार सगळं एका जागी मिळतं.

‘लगेच कळतं.’ हे मान्य. तास रद्द झाला, खोली बदलली, लॅब बंद आहे, यासाठी ग्रुपसारखं दुसरं काही नाही. फक्त दोन ग्रुप करा: एकात सेटिंग्ज बदलून अ‍ॅडमिननेच लिहायचं, दुसरा गप्पांचा. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा पाऊस त्या दुसऱ्यावर पडू दे.