व्हॉल्व्ह स्मार्ट करताना हवेकडे अजिबात बघू नका

अभिनंदन! साखर कारखान्यातल्या कंट्रोल व्हॉल्व्हवरचे जुने पोझिशनर काढून नवे स्मार्ट पोझिशनर बसवायचं काम शेवटी तुमच्याच गळ्यात पडलं. पोझिशनर म्हणजे कंट्रोल रूमच्या इशाऱ्याप्रमाणे हवेच्या दाबानं व्हॉल्व्ह हवा तेवढा उघडणारा-मिटवणारा डबा. शेवटची मोळी गेली, गाळप थांबलं, बॉयलर गार झाला. आता दसऱ्याच्या आसपास अग्निप्रदीपनाचा नारळ फुटेपर्यंत पाच-सहा महिने मोकळे आहेत. एवढ्या वेळात माणूस नीट काम करून बसण्याची भीती असते. ती कशी टाळायची, ते कोल्हापूर जिल्ह्यात वीसेक हंगाम इन्स्ट्रुमेंट खात्यात काढलेला माणूस म्हणून सांगतो.

सुरुवातीलाच व्हॉल्व्हपाशी जायचं नाही. यादी ऑफिसात बसून करा, कारखाना उभा राहिला तेव्हाच्या ड्रॉइंगवरून. प्रत्यक्ष जाऊन बघितलंत तर कळेल की कागदावर हवेनं उघडणारा व्हॉल्व्ह मधल्या काळात कुणीतरी ॲक्च्युएटर, म्हणजे हवेनं व्हॉल्व्ह हलवणारा भाग, बदलून हवेनं बंद होणारा केलाय. मग हवा गेल्यावर हा उघडा राहणार की मिटणार, असा प्रश्न पडतो. बॉयलरच्या फीड वॉटर व्हॉल्व्हबाबत हा प्रश्न झोप उडवतो. म्हणून विचारायचाच नाही. हंगामात आपोआप उत्तर मिळतं.

खरेदीबद्दल फार सांगत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतं. तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, सगळ्यात स्वस्त तो आपला. स्वस्त का, तर माउंटिंग किट त्यात धरलेलं नाही. पोझिशनर व्हॉल्व्हच्या योकवर, म्हणजे वरच्या चौकटीवर, कसा बसवायचा याचं आयईसी ६०५३४-६ हे मानक आहे, त्यात भोकांची मापंसुद्धा दिलीत. पण आपल्याकडं उद्यमनगर असताना मानक कशाला? पत्र्याचा तुकडा कापून दिला की लेथवाला दुपारपर्यंत ब्रॅकेट हातात ठेवतो, आणि चांगला ठेवतो, त्यात शंका नाही. फक्त त्याला कुणी सांगितलेलं नसतं की व्हॉल्व्ह निम्मा उघडा असताना फीडबॅकचा लिव्हर (व्हॉल्व्ह किती उघडलाय ते सांगणारा) स्टेमशी, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीशी, काटकोनात यायला हवा. तो तसा आला नाही की पडद्यावर ५० टक्के आणि प्रत्यक्षात काहीतरी भलतंच. पिनेची खाच जरा सैल झाली की व्हॉल्व्ह मागं-पुढं डुलायला लागतो, यात्रेतल्या सासनकाठीसारखा. तुम्ही म्हणायचं, कंपनीचा माल खराब.

आता मुख्य विषय. हवा.

जुना पोझिशनर म्हणजे फ्लॅपर आणि नोझल, ३ ते १५ पीएसआयचा सिग्नल, एक कॅम, एक स्प्रिंग. काही मॉडेलमध्ये बारीक भोक तुंबलं तर ते साफ करायला बाहेरूनच दाबायचं छोटं बटण असायचं. आमच्या खात्यातले जुने मामा रोज राउंड मारताना ते दाबत जायचे, देवळातल्या घंटा वाजवत गेल्यासारखे. नव्याला ४ ते २० मिलिॲम्पिअर लागतात, आत सर्किट बोर्ड असतो, आणि विजेचा इशारा हवेत बदलणाऱ्या भागाची वाट जुन्या नोझलइतकीच नाजूक असते. फरक एवढाच, की त्याला मामांचं बटण नसतं. तो भाग बिघडला की आख्खा बदलायचा.

पहिला नवा पोझिशनर बसवला त्या दिवशी मामा शेजारी उभे होते. डबा हातात घेऊन त्यांनी वजन बघितलं.

"सायेब, केवढ्याला म्हणायचं ह्यो?"

"मोटारसायकल येईल मामा एवढ्यात."

"बरं. मग पाणी किती पितोय ते बी बघूया की."

असं म्हणून त्यांनी फिल्टर रेग्युलेटरच्या बुडाचा ड्रेन कॉक पिळला. आधी फस्स आवाज, मग थुंकल्यासारखे चार थेंब, आणि मग धार लागली. दुधासारखी पांढरी, वर तेलाचा तवंग. मामांनी बोटावर घेऊन वास घेतला.

"पांढरा रस्सा आला बघा. वर कट बी हाय."

त्यांच्या त्या बोटाकडं बघू नका, हाच माझा सल्ला आहे. बघितलंत तर कंप्रेसर हाऊसपर्यंत चालत जावं लागेल. तिथं ड्रायर दिसेल, नवा असताना हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो) उणे ४० अंशांपर्यंत नेणारा. त्याच्या आतले दाणे दोन हंगामांपूर्वीच ओले होऊन पिठूळ झालेत आणि बायपासचा व्हॉल्व्ह तेव्हापासून उघडा आहे. तात्पुरता. आयएसए ७.०.०१ हे मानक म्हणतं, इन्स्ट्रुमेंटच्या हवेत ४० मायक्रॉनपेक्षा मोठा कण नको, तेल १ पीपीएमच्या आत, आणि दवबिंदू तिथल्या सर्वांत कमी तापमानाच्याही १० अंश खाली. हे वाचून दाखवलंत तर कुणीतरी ड्रायरच्या दाण्यांचा खर्च विचारेल, आणि तो तुमच्या अपग्रेडच्या बजेटमध्ये नाही. नव्या डब्यांना पैसे आहेत, त्यांनी श्वास कसला घ्यायचा त्याला नाहीत. आता यात तुमचा काय दोष?

तेव्हा मामांना सांगा, मामा, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. मामा मान हलवतील. मामांची मान हलणं म्हणजे होकार नसतो, हे कळायला मला सहा हंगाम लागले.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो. हे सगळं बसवायचं काम जून ते ऑगस्टमध्ये येतं, पंचगंगा घाटाच्या पायऱ्या पोटात घेत असते तेव्हा. पोझिशनरवर आयपी ६६ लिहिलेलं असतं, म्हणजे आत धूळ-पाणी जाणार नाही. ते दोन्ही केबल एंट्री बंद असतील तरच खरं. एका भोकात केबल ग्लँड लावा, दुसऱ्याला प्लग मिळाला नाही म्हणून प्लास्टिकची पिशवी बांधा, वर रबर. पिशवी मिठाईच्या दुकानाची असेल तर मुंग्यांचीही सोय होते.

मग येतो डेटा. हे डबे हार्ट नावाच्या डिजिटल भाषेत बोलतात. त्याच दोन तारांवर, ४ ते २० मिलिॲम्पिअरच्या डोक्यावर बसून, ते सांगतात की स्टेमभोवतीचं ग्लँड घट्ट झालंय, स्टेम अडकत चाललाय, किती फेऱ्या झाल्या. फक्त ऐकणारं कार्ड हवं. आपल्या कंट्रोल सिस्टिमचं आउटपुट कार्ड जुनं आहे, त्याला हार्ट कळत नाही. त्यामुळं पोझिशनर सीझनभर एकटाच बडबडत राहतो, आणि आपण प्रेझेंटेशनमध्ये 'प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स सुरू' असं लिहून फोटो लावतो. हातात धरायचा कम्युनिकेटर एक घेतलेला असतो. तो कपाटात असतो, कपाटाची किल्ली साहेबांकडं असते, आणि साहेब पुण्याला मीटिंगला.

यापुढचा सल्ला माझ्या अंगावरचा आहे. कारखान्याचं नाव विचारू नका.

नव्या पोझिशनरमध्ये ऑटो कॅलिब्रेशन असतं. बटण दाबलं की तो स्वतःच व्हॉल्व्ह पूर्ण मिटवतो, पूर्ण उघडतो, परत मिटवतो, आणि आपली दोन टोकं शोधून लक्षात ठेवतो. फार सुंदर दिसतं. जानेवारीतल्या एका रात्री फीड वॉटरचा व्हॉल्व्ह डुलत होता. मला वाटलं, एकदा कॅलिब्रेट करून टाकू. आधी व्हॉल्व्ह बायपासवर घ्यायचा, दोन्हीकडचे आयसोलेशन बंद करायचे, कंट्रोल रूमला सांगायचं, ही रीत मला माहीत होती. कॉलेजात शिकवलेलीही होती. मी बटण दाबलं. व्हॉल्व्ह शिस्तीत मिटला. बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी राखून राखून किती असतं? लेव्हल खाली, आणखी खाली, अलार्म, मग ट्रिप. वाफ गेली, टर्बाइन गेलं, गिरण थांबली, आणि गेटबाहेर उसाच्या ट्रॅक्टरची रांग हायवेकडं सरकायला लागली. इकडं पोझिशनरच्या पडद्यावर मात्र झळकत होतं: कॅलिब्रेशन यशस्वी.

चौकशीत कारण काय लिहायचं ते लक्षात ठेवा. 'हवेच्या दाबात चढउतार.' हवेवर ढकललेलं पाप कुणी तपासायला जात नाही, कारण तपासलं तर ड्रायरपर्यंत जावं लागेल. मीही तेच लिहिलं. मामांनी सही केली आणि पेन परत देताना एवढंच म्हणाले, "हवा बिचारी."

आता शेवटचं काम, आणि यात दिरंगाई नको. काढलेले जुने पोझिशनर एकसुद्धा ठेवू नका. एखादा साफ करून, तेल पुसून कपाटात ठेवला, तर अपग्रेडवर तुमचा विश्वास नाही असा अर्थ निघतो. मामा म्हणतील, दोन तरी राहू द्या, सायेब. मामांच्या वहीत प्रत्येक व्हॉल्व्हचा झिरो-स्पॅन, म्हणजे मिटण्या-उघडण्याच्या दोन टोकांची जुळणी, पेन्सिलीनं लिहिलेला आहे, ती वहीसुद्धा नव्या सिस्टिममध्ये भरायची म्हणून मागून घ्या आणि हरवा. अल्युमिनियमचा भाव बरा असेल तर भंगारवाला शिरोलीवरून टेम्पो घेऊन दारात येतो. सगळं काट्यावर चढवा, किलोवर द्या, फोटो ग्रुपवर टाका.

मग फेब्रुवारीत, गाळप ऐन भरात असताना, पीआरडीएसवरचा (वाफेचा दाब आणि तापमान उतरवणाऱ्या यंत्रणेवरचा) नवा डबा पांढरा रस्सा पिऊन गप्प होईल. कंपनीचा माणूस म्हणेल, स्पेअरला सहा आठवडे. रात्री अकराला तुम्ही स्वतः त्या भंगारवाल्याला फोन लावाल. त्याच्याकडं असतो. त्यानं तो पुसून, वेगळा काढून ठेवलेला असतो, कारण तुमच्याआधी दोन कारखान्यांचे फोन त्याला येऊन गेलेत. किलोवर दिलेला माल आता नगावर घ्यायचा. बिल 'किरकोळ साहित्य' म्हणून टाका. बसवायला मामांनाच उठवावं लागेल, आणि झिरो-स्पॅन विचारलात तर ते वही मागतील.