घरनी गोट घरमाच : नवशिक्यांसाठी

खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. सुरत-पुण्याकडे गेलेले भाऊबंद गावी येतात. बऱ्याच घरांत पुरुषांच्या नावाने माणशी सव्वा मूठ गहू मोजतात आणि त्याचे रोट भाऊबंदांतच संपवतात. बाहेर तुकडा जात नाही. नेमक्या या गर्दीत अकरा वर्षांची पोर पदर ओढून म्हणते, "माय, नाना माले माडीवर बलावस. माले नही जानं." घाबरू नका. हेही रोटासारखंच घरात संपवायचं असतं.

पहिली दोन मिनिटं महत्त्वाची. खापरावर पोळी टाकलेली असेल तर उत्तमच, ती करपेल एवढं कारण पुरतं. मागे वळून न बघता म्हणा, "कोनले सांगू नको." खाली बसून "सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही" असं चुकूनही म्हणायचं नाही. तेवढ्याने पोर पुढचंही सांगते, आणि पुढचं ऐकलं की काहीतरी करावं लागतं. लगेच चारचौघांत तिला नानाच्या पाया पडायला लावा. वाकलेली पोर पायापासून वीतभर अलीकडेच थांबली आणि मूठ आवळून उभी राहिली, तर "लाजते" म्हणा. लोकांना पटतं.

धोका असतो तो एखाद्या आगाऊ मावशीचा. ती पोरीला खोदून खोदून विचारत नाही. पोर बोलली तेच शब्द तारखेसह वहीत उतरवते, कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवते आणि 72 तासांच्या आत दवाखान्यात चला म्हणते. तिला आधीच कापसाच्या निंदणीला पाठवा.

मग बैठक. सामायिक सातबारा, नानाच्या पोराची ठरत आलेली सोयरीक, गावातली पत, सगळं मोजा. पोरीची मूठ गव्हातही नव्हती, त्यामुळे हिशेब लवकर जुळतो. पोर मामाकडे, शाळा बंद. नानाची खाट ओट्यावर जिथल्या तिथे. बाकीच्या पोरींना "अनोळखी माणसाकडून गोळी घेऊ नको" एवढंच शिकवा. अशा गुन्ह्यांतले दहापैकी नऊहून जास्त आरोपी ओळखीतलेच असतात, हे सरकारी आकडे त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका.

बैठकीला माणसं मात्र कमी बोलवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या 2012 च्या पोक्सो कायद्याचं कलम 19 सांगतं की ज्याला कळलं त्याने कळवलंच पाहिजे. गप्प बसणाऱ्याला कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे चहा प्यायला आलेलाही अडकतो. पोरीला ठाण्यात जावंही लागत नाही, जबाब घ्यायला शक्यतो महिला अधिकारी साध्या कपड्यांत घरी येते. मुलांच्या मदतीच्या 1098 ला फोन फुकट लागतो, तेव्हा मोबाइल उंचावर ठेवा. आणि त्या कायद्यात तक्रारीला मुदत नाही. पोर तिशीची झाली तरी बोलू शकते, हे मामाला सांगून ठेवा.

पुढे लग्न होईल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधले जातील, सगळ्यांच्या लेकी माहेरी येतील आणि लेकीला आणायला गेलेला तुमचा मुऱ्हाळी दरवर्षी एकटाच परत येईल. "पाव्हण्यांना सुट्टी नाही" हे चालतं. फक्त मुऱ्हाळी म्हणून नानाला पाठवू नका. ती आतून कडी लावून बसते, आणि शेजारीण विचारते, "कोण आलं होतं ओ?"