गोळी सुरू केल्यावर अंगठा पुन्हा सुजला, म्हणजे गोळी चुकीची होती का?

आपल्या वडिलांना गाऊट, म्हणजे युरिक ॲसिड साचून सांधा सुजण्याचा आजार आहे; त्यासाठी युरिक ॲसिड उतरवणारी ॲलोप्युरिनॉल ही गोळी सुरू केल्यावर बाराव्या दिवशी अंगठा पहिल्यापेक्षा जोरात सुजला. असे असताना मागच्या लेखात मी त्या गोळीची शिफारस करणे बेजबाबदारपणाचे आहे, आणि ‘डाळी बंद करू नका’ हा सल्ला तर त्याहून घातक आहे, असे आपण प्रतिक्रियेत लिहिले आहे. आपला राग मला समजतो. गेल्याच महिन्यात एक गृहस्थ एक चप्पल पायात आणि दुसरी हातात घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढून आले. मी नुसता हात जवळ नेला तरी त्यांनी पाय मागे घेतला.

रक्तातील युरिक ॲसिड दर डेसिलिटरला (१०० मिलिलिटर रक्तामागे) साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहिले की त्याचे सुईसारखे स्फटिक वर्षानुवर्षे सांध्यात साचत जातात. ॲलोप्युरिनॉलने ही पातळी उतरू लागली की साचलेले स्फटिक सुटू लागतात आणि त्यामुळेच पहिल्या काही महिन्यांत पुन्हा झटका येऊ शकतो. म्हणून सुरुवात १०० मिलिग्रॅमने, मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहूनही कमी मात्रेने करायची, दर काही आठवड्यांनी रक्त तपासून पातळी ६ च्या खाली येईपर्यंत मात्रा वाढवायची आणि पहिले तीन ते सहा महिने सोबत झटका टाळणारे कोल्चिसिन हे औषध थोडे द्यायचे. आपल्या वडिलांना एकदम ३०० मिलिग्रॅम दिले गेले आणि सोबत काहीच नव्हते, असे आपणच लिहिता. चूक तिथे झाली. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत मीही अशीच चिठ्ठी लिहीत असे, आणि मागच्या लेखात हा भाग सविस्तर यायला हवा होता, हा आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. झटका आला म्हणून चालू गोळी थांबवायची नसते. अंगावर पुरळ उठले तर मात्र ती लगेच बंद करून डॉक्टरांना गाठायचे.

‘फॅमिली डॉक्टरांना हे जमतच नाही’ हे आपले वाक्य मला लागले, पण ते निराधार नाही. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी ५१७ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्रशिक्षित परिचारिकांनी आजार नीट समजावून, मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवत नेली, तेव्हा दोन वर्षांनी शंभरातले ९५ रुग्ण इच्छित पातळीला पोहोचले. नेहमीप्रमाणे डॉक्टरांकडे जाणाऱ्यांत हेच प्रमाण ३० होते. औषधे तीच होती. समजावण्याला आणि पाठपुराव्याला दिलेला वेळ वेगळा होता, आणि पाच मिनिटांत रुग्ण उरकणाऱ्या आम्हा सर्वांना हा आकडा बोचायला हवा.

डाळींबाबत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांचा बारा वर्षे मागोवा घेतला, तेव्हा मांस आणि मासळीमुळे गाऊटचा धोका वाढलेला दिसला. प्युरिन (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनते तो घटक) अधिक असलेल्या भाज्या व कडधान्यांमुळे तो वाढला नाही. बिअर, कलेजी, सुकट आणि गोड शीतपेये कमी करावीत. पण शाकाहारी घरातल्या वृद्धाचे वरण तोडले, तर त्याची प्रथिने जातात आणि गाऊट तसाच राहतो.

वडिलांना रक्तदाबाचे औषध चालू आहे, असे आपण ओझरते लिहिले आहे. त्या पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड हे नाव आहे का ते पाहा, कारण त्याने युरिक ॲसिड वाढते. असल्यास ते परस्पर बंद न करता पर्यायाविषयी डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचे काम कसे आहे हे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासून होईपर्यंत दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी त्यांना देऊ नका.