गुडघ्याची झीज 'भरून' येते म्हणे

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आला, "गुडघा बदलू नका, जांघेतून बारीक नळी घालतात, झीज भरून येते, कुठल्याही वयात चालतं, व्यायामबियाम बंद करा." माझ्या मावशीने तो वाचून ऑपरेशनची ठरलेली तारीख रद्द केली, म्हणून लिहितेय.

ट्रीटमेंट खोटी नाहीये. जपानमध्ये डॉ. ओकुनो यांनी सुरू केली, नाव जेनिक्युलर आर्टरी एम्बोलायझेशन. सांध्याच्या अस्तराला सूज आली की तिथे नको तेवढ्या नव्या बारीक रक्तवाहिन्या तयार होतात, सोबत दुखऱ्या नसा वाढतात, मग नळीतून बारीक कण सोडून तिथला रक्तपुरवठा कमी करतात, की सूज आणि दुखणं उतरतं. बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात.

पण झीज भरते? गुडघ्यातल्या गादीला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला, स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात हो, मग बाजूच्या वाहिन्या बंद करून ती उगवणार कुठून! मावशीचा एक्सरे मी खिडकीच्या उजेडात धरला तर आतल्या बाजूला फटच नाही, हाडाला हाड टेकलंय आणि पाय धनुष्यासारखा वाकलाय, तो नळीने सरळ होत नाही. या उपायाचा गुण जास्त दिसलाय तो झीज सौम्य किंवा मध्यम असलेल्यांना.

"शेजारच्या काकूंना गुण आला." आला असेल, खोटं म्हणत नाही. पण 2002 साली ह्यूस्टनमध्ये 180 जणांवर दुर्बिणीने गुडघा साफ करायचा प्रयोग झाला, त्यात काहींना फक्त वरवरचे छेद दिले, आत काहीच केलं नाही, तरी त्यांना तेवढंच बरं वाटलं. 2021 मध्ये ऑस्ट्रेलियात 288 जणांत पीआरपी इंजेक्शन (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं) विरुद्ध साधं सलाइन, वर्षभराने दुखण्यात म्हणावा असा फरक नाही. म्हणजे उपचार झाला या नुसत्या भावनेनेही बरं वाटू शकतं, म्हणून एकाच्या अनुभवावर आपल्या गुडघ्याचा निर्णय घेऊ नका, प्लीज.

आणि व्यायाम बंद करा हे तर सगळ्यात घातक! मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडला की सगळा भार सांध्यावर येतो. एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, आणि त्याला कुठली नळी लागत नाही.

मावशी, उद्या सकाळी मी येते, एक्सरे पिशवीतच ठेव. डॉक्टरांना दोघी मिळून विचारू आणि तारीख परत घेऊ.