चित्रकलेचा हात जन्मतःच असावा लागतो का? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांचे दिवस जवळ आले की कोकणातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा, की चित्रकलेचा हात जन्मतःच असावा लागतो. खरा चित्रकार समोर बघून नव्हे, मनातून काढतो. त्याला खोडरबर लागत नाही. भारी साहित्याशिवाय चांगले चित्र होत नाही. आणि बारा-तेरा वर्षांपर्यंत हात बसला नाही तर पुढे वेळ घालवू नये. हा संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण त्यातले प्रत्येक विधान नवशिक्याला नेमक्या चुकीच्या दिशेने ढकलते आणि तो वाचून चित्रकलेची वही मिटून ठेवणारी मुले व मोठी माणसे मी शिकवताना पाहत आलो आहे. म्हणून त्याला क्रमाने उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान हाताचे. ज्या मुलाला 'क्ष' आणि 'ज्ञ' ही अक्षरे वळणदार लिहिता येतात, त्याच्या बोटांत होडीची कड काढण्याइतका ताबा असतोच. नवशिक्याचे चित्र बिघडते ते बहुतेक वेळा बघण्यात. समोर जे दिसते त्याऐवजी वस्तूविषयी जे ठाऊक असते ते तो काढतो. माडाला झावळ्या असतात हे ठाऊक, म्हणून खोडावर चांदणीसारखी पाने चहूकडे पसरतात. आपल्याकडे रोखलेली झावळी प्रत्यक्षात आखूड दिसते, हे कागदावर येतच नाही. तांब्याचे तोंड गोल असते हे ठाऊक, म्हणून ते हवे त्यापेक्षा गोल होते, आणि तांब्या सपाट पाटावर ठेवला आहे हे ठाऊक, म्हणून त्याचा तळ सरळ रेषेत येतो. खरे तर तिरपे पाहिलेले वर्तुळ लंबगोल दिसते, आणि नेत्रपातळीच्या जितके खाली जावे तितका तो लंबगोल रुंद उघडत जातो. त्यामुळे तळाची कड तोंडाच्या कडेपेक्षा अधिक वळलेली दिसते. एवढी एक गोष्ट समजली की वस्तुचित्रातली भांडी पडायची थांबतात, आणि ही गोष्ट कोणी आईच्या पोटातून शिकून येत नाही.

याचा पडताळा घ्यायला कोकणातल्या माणसाला दूर जावे लागत नाही. सपाट पुळणीवर उभे राहून समुद्राकडे पाहावे. डोळा जमिनीपासून सुमारे 1.6 मीटर उंचीवर असेल तर क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असते आणि ते नेहमी आपल्या डोळ्यांच्याच पातळीवर दिसते. त्यामुळे त्याच पुळणीवर उभी असलेली आपल्याएवढ्या उंचीची सगळी माणसे, जवळची असोत वा लांबची, क्षितिजरेषेला डोळ्यांपाशीच छेदतात; माणूस जितका लांब, तितके फक्त त्याचे पाय कागदावर वर सरकतात. नंतर वाळूत खाली बसावे. क्षितिज आपल्याबरोबर खाली येते आणि त्याच माणसांच्या कमरेच्या आसपास जाते. नवशिक्यांच्या किनाऱ्याच्या चित्रांत लांबची माणसे हवेत तरंगताना दिसतात, त्याचे कारण ही क्षितिजरेषा सांभाळलेली नसते, एवढेच असते. हा यथार्थदर्शनाचा, म्हणजे जवळचे-लांबचे जसे दिसते तसे काढण्याचा, नियम आहे, आणि नियम शिकवता येतो.

हात उपजतच असतो, या म्हणण्याला हमखास उदाहरण दिले जाते ते अलिबागजवळच्या सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे. त्यांचा जन्म 1891 चा. गावातल्या देवळाच्या भिंतीवर लहान वयात काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यातून त्यांचा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा मार्ग मोकळा झाला, हे खरे आहे. पण त्यांच्या घरी गणपतीच्या मूर्ती घडत. माती, आकार आणि प्रमाण ही त्या मुलाच्या रोजच्या डोळ्यांपुढची गोष्ट होती, आणि त्यानंतरही त्यांना रीतसर शिक्षण घ्यावे लागले. माणसामाणसांत उपजत फरक असतात हे मी नाकारत नाही. कोणी लवकर शिकतो, कोणी सावकाश. त्यावरून सावकाश शिकणाऱ्याने शिकूच नये, हा निष्कर्ष निघत नाही.

दुसरे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण ते नवशिक्याच्या हातातले मुख्य साधनच काढून घेते. समोर बघून काढणे ही कमतरता असेल, तर सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम हळदणकर यांच्याविषयी काय म्हणावे? हाताआड धरलेल्या ज्योतीच्या उजेडात उभ्या स्त्रीचे त्यांचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळ लोक ते चुकून राजा रविवर्म्याचे समजतात. त्या चित्रासाठी त्यांची मुलगी समोर उभी राहिली होती. बोटांच्या फटींतून पाझरणारा तांबूस उजेड मनातून काढण्याच्या भरीला एवढा मोठा जाणकारही पडला नाही.

परीक्षेत स्मरणचित्राचा विषय असतोच, असे यावर कोणी म्हणेल. पण स्मरणात तेच येते जे आधी नीट पाहिलेले असते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणारी माणसे मनाने काढायला सांगितली तर बहुतेक मुले ती ताठ उभी काढतात आणि हातात दोरी देतात. किनाऱ्यावर जाऊन मिनिटा-दोन मिनिटांची झटपट रेखाटने केली की कळते, की शरीराचा सगळा भार मागे गेलेला असतो, टाचा वाळूत रुतलेल्या असतात आणि टाचेपासून डोक्यापर्यंत एक तिरपी रेषा जाते. ही रेषा आधी काढावी, हातपाय मागाहून. अशी रेखाटने पुष्कळ झाली की स्मरणचित्रातला माणूस आपोआप ओढू लागतो.

दुसऱ्याचे चित्र समोर ठेवून काढण्यालाही हीच गोष्ट लागू आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळाच्या पत्त्यांत, दहा रंगांची 120 पाने असतात. एका रंगात एक्क्यापासून दहापर्यंतच्या पानांवर तेच चिन्ह एकंदर 55 वेळा येते. ठरलेला आकार पुन्हा पुन्हा काढणे हा त्या कामाचा पायाच आहे. मात्र छापून काढणे निराळे. काचेवर कागद ठेवून रेषा गिरवली की अंतर आणि कोन यांचा निर्णय डोळ्याला घ्यावाच लागत नाही, म्हणून त्यातून फारसे शिकणे होत नाही. मोबाइलवरच्या छायाचित्राबाबतही सावध राहावे. फार जवळून घेतलेल्या छायाचित्रात होडीचे पुढचे टोक अवास्तव मोठे येते. ते वापरू नये असे नाही, पण प्रत्यक्ष होडी बंदरात असताना पडद्यावरची होडी काढणे हे नुकसान आहे.

खोडरबराच्या विधानात थोडे तथ्य आहे. चुकीची रेषा घाईने खोडली की पुढची रेषा बहुधा त्याच जागी, त्याच चुकीने येते. म्हणून आधी हलक्या हाताने बांधणीच्या रेषा घ्याव्यात, चुकीची रेषा तशीच ठेवून तिच्याशेजारी बरोबर रेषा काढावी आणि मगच खोडावे. पावसाळ्यात आपल्याकडचा कागद दमट होतो, घासला की त्याचे तंतू वर येतात आणि छाया डागाळते. त्या दिवसांत तर ही सवय फार उपयोगी पडते. पण एका दमात आलेली रेषा म्हणजेच कसब, ही समजूत चुकीची आहे. लिओनार्दो दा विंचीच्या कच्च्या रेखाटनांत एकाच हाताच्या, एकाच मानेच्या कितीतरी रेषा एकमेकींवर दिसतात. तो कागदावर शोधत होता, आणि नवशिक्यालाही ती मोकळीक हवी.

साहित्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. टू बी आणि फोर बी अशा दोन मऊ पेन्सिली, साधा कार्ट्रिज कागद आणि पाठीमागे धरायला एक फळी एवढे पहिल्या वर्षाला पुरते. कोपर ताठ ठेवून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घेता येते; पेन्सिल स्वस्त असली म्हणून ते माप चुकत नाही.

शेवटचे विधान वयाचे. दहा ते तेरा या वयात अनेक मुले चित्र काढणे सोडतात, हे खरे आहे. त्या वयात चित्र हुबेहूब हवे असे वाटू लागते, आणि तसे ते कसे काढायचे हे कोणी सांगितलेले नसते. हे शिक्षणातले अंतर आहे; वयाची मर्यादा म्हणून त्याच्याकडे पाहणे चूक आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने चित्रकार होण्याचे ठरवले ते 1880 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, आणि सुरुवातीला त्याने छापील अभ्यासचित्रे आणि फ्रेंच चित्रकार मिले याची चित्रे समोर ठेवून काढली. रवींद्रनाथ ठाकुरांचे पहिले चित्रप्रदर्शन पॅरिसला 1930 मध्ये झाले, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. ही माणसे असामान्य होती हे मान्य आहे. पण इथे प्रश्न थोर होण्याचा नसून घराची पडवी किंवा बंदरावरचा मचवा ओळखू येईल असा काढण्याचा आहे. तेवढे प्रौढ माणसाला जमते, आणि माप व कोन यांचा हिशेब तो मुलांपेक्षा लवकर समजतो. त्याला जड जाते ते आपले वाईट चित्र सहन करणे. त्यासाठी एकच तांब्या, त्याच खिडकीपाशी, दर पंधरा दिवसांनी काढून खाली तारीख घालावी आणि जुने कागद फाडू नयेत. तळाची कड कोणत्या तारखेपासून वळू लागली, हे ते कागद शेजारी ठेवले की त्याला स्वतःलाच दिसेल.