लुसीच्या गावापासून दीड तासावर

परवा आमच्या मावसभावंडांच्या ग्रुपवर एक क्लिप आली. नेहमीचीच, कुठल्यातरी विनोदी कार्यक्रमातला तुकडा, त्यात एक पुरुष साडी नेसून, पदर दातात धरून सासूचं काम करतोय आणि समोरचे लोक पोट धरून हसतायत. वहिनीने खाली लिहिलं, या कामाला एक बाई मिळाली नसती का? त्यावर दादा (माझा मोठा मावसभाऊ) म्हणाला, "बायकांना विनोद जमत नाही, जमला असता तर पुरुषांना साड्या नेसाव्या लागल्याच नसत्या." धडाधड अंगठे आले. मी लिहिलं की दादा, असं नाहीये, तर मला उत्तर मिळालं, "तू तिकडे बसून आम्हाला इकडचं शिकवू नकोस." वहिनी त्यानंतर एक अक्षर बोललेली नाही. चार दिवस झाले, माझ्या डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितेय.

मी सोळा वर्षं अमेरिकेत, बफेलोला राहते. थ्रूवे नावाच्या हायवेने फ्रेडोनियापर्यंत जायचं आणि मग रूट 60 ने खाली, दीड तासात जेम्सटाऊन येतं. अमेरिकन टीव्हीवरची गाजलेली विनोदी नटी लुसिल बॉल, म्हणजे लुसी, 6 ऑगस्ट 1911 ला तिथे जन्मली. वडील टेलिफोनच्या तारांवर काम करायचे, ती तीन वर्षांची असताना टायफॉइडने गेले. आजोबांनी नाटकं-तमाशे दाखवले, त्यातून वेड लागलं, आणि पंधराव्या वर्षी ती न्यूयॉर्कला ड्रामा स्कूलमध्ये गेली. तिथून तिला परत पाठवलं, फारच लाजाळू आहे, हिचं काही होणार नाही म्हणून. म्हणजे दादासारखं बोलणारे तेव्हाही होते आणि ते चक्क मास्तर होते.

पुढे हॉलिवूडमध्ये पंधराएक वर्षं ती दुय्यम सिनेमे करत राहिली. तोपर्यंत ती फक्त एक देखणी नटी होती. मग 1948 ला रेडिओवर एक विनोदी मालिका मिळाली, ती चालली, तेव्हा सीबीएस या टीव्ही कंपनीने तीच टीव्हीवर आणायचं ठरवलं. लुसी म्हणाली, नवऱ्याचं काम माझा खरा नवरा करणार. तो देसी अर्नाझ, क्युबाचा, बोलण्यात जाड स्पॅनिश हेल. कंपनी म्हणाली हे लोकांना पटणार नाही. तर या दोघांनी 1950 मध्ये स्वतःचा स्टेज शो बसवला, गावोगाव फिरवला आणि लोकांना पटतंय हे दाखवून दिलं. 15 ऑक्टोबर 1951 ला 'आय लव्ह लुसी' सुरू झालं तेव्हा लुसी 40 वर्षांची होती. चाळीस! आपल्याकडे चाळिशीच्या नटीला काय काम देतात ते दादालाही माहीत आहे.

आणि मला जो मुद्दा दादाला सांगायचा होता आणि ग्रुपवर टाईप करता आला नाही तो हा. विनोद बाईला जमतो की नाही हा प्रश्नच नाहीये, तिला विनोद करायला जागा कोण देतं आणि लगाम कोणाच्या हातात असतो हा प्रश्न आहे. प्रायोजकांना कार्यक्रम न्यूयॉर्कहून लाईव्ह हवा होता, यांना कॅलिफोर्निया सोडायचं नव्हतं, म्हणून खऱ्या प्रेक्षकांसमोर तीन कॅमेरे लावून फिल्मवर शूटिंग करायचं ठरलं. ते महाग पडत होतं तर दोघांनी पगार कमी घेतला, पण बदल्यात त्या फिल्म्सचे हक्क आपल्या देसिलू कंपनीकडे ठेवले. म्हणून ते भाग टिकले, म्हणून ते आजही लागतात. लिहिणाऱ्यांत मॅडलिन प्यू नावाची एक बाई होती, लुसीने करायच्या उड्या-धडपडी ती आधी स्वतः करून बघायची, एका बाईला हे झेपतंय ना म्हणून. 1960 ला घटस्फोट झाला, 1962 ला लुसीने देसीचा हिस्सा विकत घेतला आणि स्वतः स्टुडिओ चालवायला लागली. 'स्टार ट्रेक' ही अंतराळातली गाजलेली मालिका तिच्याच स्टुडिओतून आली. 1967 ला तिने स्टुडिओ 1 कोटी 70 लाख डॉलरला विकला. बाईला विनोद जमत नाही म्हणे!

1953 चं सांगते. लुसी खरंच गरोदर होती, तर ते गोष्टीतच घेतलं. 'गरोदर' शब्द टीव्हीवर चालणार नव्हता, स्क्रिप्ट एक कॅथलिक पाद्री, एक प्रोटेस्टंट पाद्री आणि एक ज्यू धर्मगुरू असे तिघं तपासायचे. 19 जानेवारीला मालिकेत बाळ झालं, त्याच दिवशी तिला खरंच मुलगा झाला, आणि तो भाग 4 कोटी 40 लाख लोकांनी बघितला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा शपथविधी होता, तो बघणारे 2 कोटी 90 लाख.

आता वहिनीला जे दिसेल ते मला दिसत नाही असं नाही. त्या मालिकेत लुसी गृहिणी आहे, तिला नवऱ्याच्या शोमध्ये काम करायचंय आणि नवरा दर वेळी नाही म्हणतो, काही भागांत तर तो तिला मांडीवर आडवी घेऊन मारतो आणि लोक हसतात. मला ते बघवत नाही, मी पुढे सरकवते. इथलं सगळं चांगलं आणि तिथलं सगळं वाईट असं मला म्हणायचंच नाहीये.

उलट मला तर आपलीच माणसं आठवतात. 'तू तू मैं मैं'मध्ये रीमा लागू सासू आणि सुप्रिया पिळगावकर सून, दोन मराठी बायका आणि अख्खा देश हसत होता. 'श्रीमान श्रीमती'तली कोकी रीमाताईच. सांगलीच्या आमच्या घरात आई परातीत मेथी निवडत हे बघायची, आणि रीमाताईंनी नुसती मान वळवून सुनेकडे बघितलं की आईच्या हातातली जुडी तशीच राहायची. 2017 ला त्या गेल्या तेव्हा जिकडेतिकडे 'पडद्यावरची आई गेली' असंच वाचलं, मला फार वाईट वाटलं, कारण आमच्या घरात त्या आई नव्हत्या, त्या हसवणाऱ्या होत्या. निर्मिती सावंतांची गंगूबाई दादाने स्वतः बघितलीय, माझ्या शेजारी बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आज विशाखा सुभेदार आहेत, नम्रता संभेराव आहेत. आणि कोणी बालगंधर्वांचं नाव या वादात आणू नये. त्या काळी बायका रंगभूमीवर येऊ शकत नव्हत्या आणि त्यांनी बाईचं रूप मन लावून उभं केलं, लोक त्यांच्यासारख्या साड्या नेसायला शिकले. पदर दातात धरून कंबर हलवायची म्हणजे ते नव्हे.

दोन वर्षांपूर्वी आई इथे आली होती तेव्हा तिला मुद्दाम जेम्सटाऊनला नेलं. सप्टेंबर होता, वाटेत फ्रेडोनियाजवळ काच खाली केली की काँकर्ड द्राक्षांचा वास गाडीभर होतो, आईला तासगाव आठवलं. तिथल्या लुसीच्या म्युझियममध्ये पडद्यावर मालिकेतला तो चॉकलेट फॅक्टरीचा सीन चालू होता. नवरे म्हणाले तुम्ही कमवून दाखवा, आम्ही घर सांभाळतो, म्हणून लुसी आणि तिची शेजारीण एथेल कामाला लागल्यात. पट्ट्यावरून चॉकलेटं येतायत, कागदात गुंडाळायची, पट्टा जोरात पळायला लागतो, मग या तोंडात कोंबतात, टोपीत भरतात, ब्लाउजमध्ये टाकतात. आणि वरची बाई येऊन बघते तर सगळं साफ, म्हणून ती म्हणते पट्टा अजून वाढवा. आईला इंग्रजी येत नाही. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की शेजारची एक म्हातारी आईकडे बघून आणखी हसायला लागली, दोघी एकमेकींचा हात धरून. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "रीमासारखीच गं ही, डोळ्यांनीच बोलते."

मग गाडीत, अर्ध्या वाटेत, तिने मला विचारलं, "तू आता नकला करत नाहीस?"

मी करायचे. सांगलीत आमच्या वाड्यात मी सगळ्यांच्या नकला करायचे, कॉलेजमध्ये तर मला त्याच्यासाठी बोलवायचे. इथे ऑफिसात सोळा वर्षांत कोणाला माहीत नाही की मी विनोदी आहे. इंग्रजीत मी नीट बोलते, मुद्देसूद बोलते, पण हसवता येत नाही, एकदा ख्रिसमसच्या पार्टीत एक किस्सा सांगायला गेले तर सगळे शेवटपर्यंत गंभीरपणे ऐकत राहिले आणि एकजण म्हणाला, सो सॉरी दॅट हॅपन्ड टू यू. त्यानंतर सोडून दिलं. देसी त्या मालिकेत चिडला की सरळ स्पॅनिशमध्ये सुटतो, कोणी भाषांतर करत नाही आणि तरी सगळे हसतात. ते बघताना मला दर वेळी हेवा वाटतो, त्याचं घर त्याच्या तोंडात शाबूत राहिलं.

म्हणून दादाचं वाक्य मला इतकं लागलं असेल. "तिकडे बसून शिकवू नकोस" हे खरंही आहे, मी तिथे नसते, मी क्लिपा बघते. पण दादा विसरला असेल, मी विसरले नाहीये, लग्नाआधी वहिनीने कॉलेजच्या एकांकिकेत मोलकरणीचं काम केलं होतं. मी ते बघायला मिरजेला गेले होते. ती केरसुणी घेऊन नुसती आत आली आणि पुढची दोन मिनिटं बाकीच्यांना वाक्य बोलता आलं नाही, इतकं हॉल हसत होता. तिला बक्षीस मिळालं होतं. त्या घरात ते कधी कोणी तिला करून दाखवायला सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

काल रात्री, म्हणजे तिच्या सकाळी, मी तिला फोन केला. ग्रुपचं काही बोलले नाही. म्हटलं, वहिनी, ती मोलकरणीची एंट्री आठवते का? ती गप्प बसली, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "थांब, गॅस बंद करून येते."