औषध मारल्यावर बागेत कधी जायचं?

मार्चमध्ये इथल्या सुपरमार्केटात नाशिकची द्राक्षं येतात. अर्ध्या किलोचा डबा, वर 'भारत' एवढंच छापलेलं. मी चौदा वर्षं नेदरलँड्समध्ये राहते, पण माहेर निफाड तालुक्यातलं, घरी पाच एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग. डबा हातात घेतला की मांडवाखालची दुपार डोळ्यांपुढं येते: मान मागं टाकून, हात वर धरून घड विरळणाऱ्या बायका आणि त्यांच्या बाह्यांवरचे मोरचुदाचे निळे डाग.

गेल्या डिसेंबरात घरी गेले तेव्हा वहिनीला पाचवा महिना होता. सकाळी आठला ती बागेत. आदल्या संध्याकाळी डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी औषध मारलेलं, रात्री दव पडलेलं, पानं ओलीच. पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळत होतं आणि त्याच हातानं ती कपाळावरचे केस मागं सारत होती. मी भावाला विचारलं, "औषध मारल्यावर किती तासांनी बागेत जायचं असतं?" त्यानं वही आणली. आमची बाग निर्यातीची, त्यामुळं वही चोख: तारीख, औषधाचं नाव, लिटरला किती, आणि शेवटी पीएचआय, म्हणजे फवारणीनंतर किती दिवस माल तोडायचा नाही. "माणसानं कधी जायचं याचा रकाना नाही ताई," तो म्हणाला. "कुणी मागतच नाही."

त्या रकान्यासाठी हे लिहितेय.

आपल्याकडं कीटकनाशकांचा विषय निघाला की यवतमाळ आठवतं, आणि आठवायलाच हवं. 2017 च्या खरिपात तिथं कपाशीवर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. पुढं मास्क-हातमोज्यांची चर्चा झाली. मे 2020 मध्ये केंद्रानं 27 औषधांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात मोनोक्रोटोफॉस होतं, क्लोरपायरिफॉस होतं. मग वाद पेटला. बंदी घाला म्हणणारे एकीकडं, पर्याय काय देता असं विचारणारे दुसरीकडं. शेवटी त्यातल्या मोजक्यांवरच गदा आली. पर्याय मागणाऱ्या शेतकऱ्याला मी चूक म्हणणार नाही. ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला आणि दोन दिवस औषध मारलं नाही तर वर्षाचं पीक हातचं जातं, हे मी लहानपणापासून पाहिलंय.

पण या सगळ्या वादात चित्र एकच असतं, पाठीवर पंप घेतलेला पुरुष. 1971 चे कीटकनाशक नियमही फवारणी करणाऱ्याचा विचार करतात, वर्षातून एकदा तरी त्याची वैद्यकीय तपासणी करा असं सांगतात. ती कुठं होते हा निराळा प्रश्न. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ओल्या पानांत शिरणारी बाई मात्र ना नियमात येते, ना चर्चेत. नवऱ्याचे फवारणीचे कपडेही तीच धुते.

तिच्या पोटातल्या बाळाचं काय होतं, यावर सगळ्यात बोलकं काम कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात झालं. लेट्यूस-स्ट्रॉबेरीचा तो पट्टा, शेतमजूर बहुतेक मेक्सिकन. बर्कली विद्यापीठानं 1999-2000 मध्ये तिथल्या सुमारे सहाशे गरोदर स्त्रियांची नोंद केली, त्यांच्या लघवीत ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांचे अंश मोजले आणि मग त्यांच्या मुलांमागं वर्षानुवर्षं जात राहिले. 2011 मध्ये निष्कर्ष आला: गरोदरपणी ज्यांच्या शरीरात सगळ्यात जास्त अंश सापडले होते, त्यांच्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यंक सगळ्यात कमी अंश असलेल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी होता. ही औषधं किड्याच्या मज्जासंस्थेवर घाव घालतात, नाळेतून बाळापर्यंत पोचतात, आणि त्यांचा निचरा करणारी यंत्रणा बाळात पुरती तयार झालेली नसते. वहिनीच्या पानांवर त्या दिवशी बुरशीनाशक होतं, त्याचा हिशेब वेगळा. पण किडीची औषधंही याच मांडवात मारली जातात आणि तेव्हाही सकाळी आठला तीच आत जाते.

अमेरिकेत शेतीच्या औषधाच्या लेबलवर पुन्हा शेतात कधी शिरायचं ते छापलेलं असतं, काहींना चार तास, काहींना कित्येक दिवस. युरोपात 1992 पासूनचा कायदा आहे: गरोदर बाईच्या कामात धोका असेल तर काम बदलून द्या, बदलता येत नसेल तर रजा द्या आणि पगाराची तजवीज ठेवा. माझ्या वेळी इथल्या सुईणीनं पहिल्याच भेटीत विचारलं होतं, काम काय करता, कशाला हात लागतो? वहिनीच्या माता-बाल कार्डावर मी हिमोग्लोबिन पाहिलं, रक्तदाब पाहिला, लोहाच्या गोळ्या पाहिल्या. बागेबद्दल काही विचारलेलं दिसलं नाही.

इथं नेदरलँड्समध्येही सारं आलबेल आहे असं नाही. फुलांच्या कंदांच्या शेतांजवळ राहणाऱ्यांचा सरकारी अभ्यास 2019 मध्ये आला, तेव्हा घरातल्या धुळीत आणि तान्ह्या बाळांच्या लंगोटांतसुद्धा औषधांचे अंश निघाले. 2023 मध्ये लिलीच्या एका शेतावरची फवारणी शेजाऱ्यांनी न्यायालयात जाऊन थांबवली, वरच्या न्यायालयानं ती मनाई दोन महिन्यांत अंशतः उठवली. आणखी एक गोष्ट मला फार खुपते. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे फुटावेत म्हणून आपल्या बायका काडीला जी पेस्ट लावतात, त्यातल्या हायड्रोजन सायनामाइडला युरोपीय संघानं 2008 मध्येच मान्यता नाकारली. गर्भाला अपाय करण्याचा संशय असलेल्या रसायनांत इथं त्याची गणना होते. तरी जर्मनीत ते बनतं आणि बाहेर विकलं जातं.

2010 मध्ये आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि युरोपनं माल नाकारला. आमच्या आळीत त्या वर्षी कुणाच्या घरी लग्न निघालं नाही. पण दोन-तीन हंगामांत सगळा नाशिक जिल्हा पीएचआय शिकला. चौथी शिकलेले काकासुद्धा आता औषधाचे दिवस तोंडपाठ सांगतात. म्हणजे शिकता येतं. घडाचा नमुना प्रयोगशाळेत जातो, किलोमागं मिलिग्रॅमचा शंभरावा भाग शोधला जातो, कारण तो घड इथली एखादी गरोदर बाई खाणार असते. काही निर्यात प्रमाणपत्रांत माणसांच्या प्रवेशाचाही प्रश्न असतो, त्याचं उत्तर कागदावर लिहिलं जातं. त्याचा नमुना कुणी काढत नाही.

पेठ-सुरगाण्याहून आमच्याकडं दरवर्षी मजुरांची टोळी येते. मी मुकादमाला म्हटलं, टोळीत कुणाला दिवस गेले असतील तर तिला पॅकिंगच्या शेडमध्ये काम देऊ. तो म्हणाला, "ताई, तीन महिने तर घरातसुद्धा सांगत नाहीत. आणि काम उक्तं घेतलेलं. ती बाजूला बसली तर तिचा वाटा कोण देणार?"

बाळाचे अवयव घडतात ते याच तीन महिन्यांत. म्हणून माझं मत असं बनलंय की नियम बाईला लावून उपयोग नाही, तो बागेला लावला पाहिजे. औषध मारलं की फाटकाला लाल दोरी, लेबलवर तासांचा ठळक आकडा, तेवढा वेळ आत कुणीच नाही. आमच्यासारख्यांना एक प्लॉट सोडून दुसऱ्यात काम काढता येतं. ज्याची एकच एकर आहे त्याचं आणि टोळीचं नुकसान सरकारनं आणि माल घेणाऱ्यानं वाटून घ्यावं. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला 5000 रुपये मिळतात. साडेतीनशे रोज धरला तर ती चौदा दिवसांची मजुरी होते.

मी निघायच्या आदल्या रात्री भावानं वहीत पट्टी धरून एक रकाना आखला आणि पहिल्या ओळीत 'चोवीस तास' लिहिलं. चार दिवसांनी अवकाळी पाऊस झाला, औषध पुन्हा मारावं लागलं, टोळीला उक्तं संपवून पुढच्या बागेवर जायचं होतं. त्यानं वहीचा फोटो पाठवला. दुसरी ओळ कोरी आहे.